ओट्याच्या उंचीची गाडी

दादा,

लेकीनं बापाला पत्र लिहायची रीत आपल्या घरात कधी नव्हतीच. तुम्ही दुसऱ्यांच्या ट्रकवर होतात आणि महिना महिना बाहेर असायचात, तेव्हासुद्धा तुमचं पत्र आल्याचं मला आठवत नाही. कुणीतरी ड्रायव्हर हसनाबादला आपल्या घरापुढं गाडी थांबवून सांगून जायचा, "बरे हायेत, पुढच्या हप्त्यात येतील," आणि आई तेवढ्यावर समाधान मानायची. मीही तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. आता लिहितेय, तर अक्षर लहान मुलीसारखं येतंय. इतकी वर्षं फळ्यावर लिहून गेली, तरी.

तुम्ही स्वतःची पिकअप घेतलीत ती आईच्या आग्रहावरून. "दुसऱ्याची गाडी चालवून म्हातारे व्हाल, मंग घरी येऊन काय करता," असं ती म्हणाली होती. गाडी आली तेव्हा मी जालन्याला डी.एड. करत होते. सुट्टीत घरी आले तर ओट्याला पाठ लावून ती उभी होती आणि तुम्ही तिच्यात मिरच्यांची पोती सारत होतात. आपलं घर रस्त्याच्या कडेला, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून ओटा उंच बांधलेला. मागचा फाळका खाली सोडला की हौद्याची फळी आणि ओटा बरोबर एका पातळीत येत. पोतं उचलावं लागत नव्हतं, नुसतं ओढायचं. तुम्हाला त्याचं फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचात, जशी काही गाडी आपल्या ओट्याचं माप घेऊनच बनवली होती.

ती ओझ्याची गाडी होती. पोती भरलेली असली की शांत चालायची, रिकामी असली की खड्ड्याखड्ड्याला उडायची. तेव्हा त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. तिच्यात माणूस झोपवून न्यायची वेळ येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आईची कंबर दुखायला लागली ती मिरच्या खुडायच्या दिवसांत. वाकून वाकून दुखत असेल म्हणून तिनं बरेच दिवस अंगावर काढलं. तुम्ही रागावून भोकरदनच्या दवाखान्यात नेलंत, तिथून जालन्याला, तिथून औरंगाबादला. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तुम्हाला एकट्याला आत बोलावलं. बाहेर आलात तेव्हा तुम्ही आईकडे न बघता मला म्हणालात, "हाडात उतरलंय." एवढंच. मी पुढं विचारलं नाही. त्यानंतर ठरावीक दिवसांनी तिला औरंगाबादला न्यायचं आणि औषधाची सलाईन लावून संध्याकाळच्या आत परत आणायचं, असं सुरू झालं. तिला बसता येत नव्हतं. एस.टी.चा प्रश्नच नव्हता. तुम्ही हौद्यात बाज बांधलीत, वर ताडपत्री ताणलीत, बाजेवर दोन गोधड्या टाकल्यात, आणि मी तिच्याशेजारी खाली बसायला लागले. माझं शिक्षण संपलं होतं, नोकरीचा हुकूम यायचा होता. देवानं मला त्यासाठीच मोकळं ठेवलंय असं शेजारच्या बाया म्हणायच्या.

तो प्रवास तुम्हाला समोरून दिसायचा, दादा, आणि मला मागून. तुम्ही शक्य तेवढी हळू चालवायचात, खड्डा चुकवायचात, पण एक चुकवला की दुसरा यायचा. काळ्या रानातला रस्ता, पावसाळ्यात फुगायचा आणि उन्हाळ्यात फाटायचा. चाक खाली गेलं की मागून लोखंडाचा दणका यायचा आणि बाज जागेवरून उचलली जायची. आई ओरडत नव्हती. पदराचा बोळा दातांत धरायची आणि ताडपत्रीकडे बघत राहायची. माझा हात तिच्या हातात असायचा. घरी आल्यावर बोटं मिटत नव्हती माझी, इतका तिनं तो आवळलेला असायचा. धक्का जास्त बसला तर मी केबिनच्या काचेवर टकटक करायची. तुम्ही वेग आणखी कमी करायचात. पण हळू गेलं की रस्ता लांबायचा, आणि आईला तेही सोसत नव्हतं.

एकदा असंच परत आल्यावर, दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीकडेला पडली होती. चूल दिसावी म्हणून तिथंच अंथरूण टाकायला लावायची. मी भाकरी थापत होते, तुम्ही जेवायला बसला होतात. ती अगदी साधेपणानं म्हणाली, "मी आता औरंगाबादला येत न्हाई."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून वळले. म्हटलं, "आई, असं कसं? डॉक्टर म्हणाले ना, गुण येतोय."

"येत असंल. आजार सोसते मी. रस्ता न्हाई सोसत."

मी बोलत सुटले. औषध मध्येच सोडलं तर काय होतं, एवढं केलेलं वाया जाईल, थोडी कळ काढ. तुम्ही ताटातला हात थांबवलात आणि माझ्याकडे बघितलंत. "तू गप," म्हणालात. "तिच्या अंगाचं तिला कळतं." आवाज चढला नव्हता, पण मला तो लागला. तुम्ही हात धुतलात, तिच्या अंथरुणाशी जाऊन बसलात. तुम्हाला तिच्याजवळ असं बसलेलं मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं. म्हणालात, "पुढच्या खेपेपर्यंत थांब. गाडी नरम करून बघतो. न्हाईच जमलं तर मी सोता तुला चल म्हणणार न्हाई."

ती म्हणाली, "काय करायचं ते करा. पण मला पोत्यासारखं उचलायचं न्हाई. ओट्यावरून चालत गाडीत गेले तरच जाईन."

ही तिची अट आपल्याला माहीत होती. पहिल्या खेपेला शेजारचे चौघे चादरीत घालून उचलायला आले होते, तेव्हा तिनं सगळ्यांना माघारी धाडलं होतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून, पाय ओढत, ती ओट्यावरून फाळक्यावर गेली होती. पायरी नव्हती म्हणून जमलं. पाय वर उचलायची वेळ आली असती तर जमलं नसतं. म्हणजे गाडी नरम व्हायला हवी होती, पण उंच झालेली चालणार नव्हती.

तुम्ही आधी घरीच खटपट केलीत. मागच्या चाकावरचे धक्के झेलणारे लोखंडी पाटे खोललेत, खालचे दोन जाडजूड पाटे काढून टाकलेत. आणि मला म्हणालात, "चल, बाजेवर झोप."

मी आईच्या जागी झोपले. तुम्ही फाट्यापर्यंत गाडी नेलीत. सुरुवातीला खरंच मऊ वाटलं. मग एका खड्ड्यात गाडी खाली बसली ती बसलीच, पाटे संपून लोखंडावर लोखंड आपटलं आणि माझ्या पाठीतून डोक्यापर्यंत कळ गेली. तुम्ही थांबून मागं आलात. "कुठं लागलं?" मी सांगितलं. "कंबरंला का वर?" मी तेही सांगितलं. माझी कंबर तरुण होती, धड होती. तरी आडवं होऊन त्या रस्त्यावरून जाताना मला पहिल्यांदा कळलं की आईला आपण कशातून नेत होतो. शेजारी बसून हात धरला म्हणजे आपल्याला कळतंय, असं मला वाटायचं.

मग तुम्ही जालन्याला गेलात. पाटे बनवणाऱ्या चाचांकडे ट्रकच्या दिवसांपासूनची तुमची ओळख. आईजवळ शेजारच्या बाईला बसवून मलाही बरोबर घेतलंत, कारण अंगावर धक्का घेऊन सांगणारी मीच होते. जाताना तुम्ही ओट्याच्या उंचीएवढी एक काठी तोडून केबिनमध्ये ठेवलीत. चाचांचं दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, भट्टी आणि पाट्यांचे ढीग. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भाऊ, नरम पायजे तर पाट्याला कमान जास्त द्यावी लागते. गाडी उठती थोडी."

"उठायला नको, चाचा."

"ऐसा कैसे होईंगा? नरम बी पायजे, उंची बी तेवढीच."

"तिला पाय उचलता येत न्हाई," तुम्ही म्हणालात.

चाचांनी दोन दिवस घेतले आणि नवे पाटे चढवून दिले. गाडी चालायला छान झाली होती, मला वाटेत एकदाही दणका बसला नाही. पण घरी येऊन ओट्याला लावली तर हौदा वीतभर वर आला होता. चाचांनी सवयीनं पोत्यांचं वजन धरून कमान दिली होती आणि हलक्या गाडीला ती दबत नव्हती. आई माझ्या आधारानं ओट्याच्या कडेपर्यंत आली. समोरच्या फळीकडे तिनं बराच वेळ पाहिलं. उजवा पाय थोडा उचलून बघितला आणि खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, "लाकडाचा पाट टेकवतो, पायरी करतो." ती वळली आणि आत जाऊन पडली. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला घेऊन परत जालन्याला. चाचा तुम्हाला बघून वैतागतील असं मला वाटलं होतं. ते वैतागलेच. "हजार गाड्या केल्या, कुणी काठी घेऊन आलं न्हाई," म्हणाले. मग चहा मागवला, आणि तुम्ही दोघं त्या गाडीखाली कितीतरी वेळ पडून राहिलात. जाड पाटे थोडे होते, त्याऐवजी पातळ आणि लांब पाटे जास्त घालायचे असं ठरलं. प्रत्येक पाट्याच्या मध्ये ग्रीस, घासून अडकू नये म्हणून. दोन्ही टोकांची जुनी रबरं काढून नवी. शॉकॲब्सॉर्बर नवे. कमान अशी, की बाज, मी आणि आईच्या जागी थोडी वाळू एवढं वजन असताना हौदा काठीला बरोबर लागला पाहिजे. मला हौद्यात बसवून चाचा काठी लावून बघत होते, पाटा काढत होते, भट्टीत घालून ठोकत होते, पुन्हा चढवत होते. कमान एकदा कमी पडली, एकदा परत जास्त झाली. संध्याकाळी काठी जमिनीवर उभी केली आणि तिचं टोक फळीला लागलं, तेव्हा चाचांनी हात पुसले आणि तुम्हाला म्हणाले, "भाऊ, अब इसमें माल मत भरो. एक खेप मालाची केली तर पाटे बसतील. ये अब बीमार की गाडी है."

तुम्ही "बराबर" म्हणालात. मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांनी नंतर किती निरोप पाठवले. मिरचीचा हंगाम होता. तुम्ही सगळ्यांना गाडीचं काम चालू आहे असं सांगत राहिलात. घर कशावर चाललं ते मी विचारलं नाही, आणि आईनंही विचारलं नाही. ती तुम्हाला ओळखत होती.

आई त्या गाडीत ओट्यावरून चालत गेली. पहिल्या खेपेला वाटेत तिनं पदर तोंडात धरला नाही. धक्के बसतच होते, पण ते दुरून आल्यासारखे, अंगाखालून निघून जाणारे. औरंगाबाद जवळ आल्यावर ती म्हणाली, "आज तुझा हात दुखला न्हाई ना?" मला हसू आलं आणि रडूही आलं.

पुढच्या खेपांमधली एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. आई बाजेवर पडली की तुम्ही मागच्या चाकापाशी वाकायचात आणि चाक व वरचा पत्रा यांच्यामध्ये हाताची बोटं आडवी घालून बघायचात. पहिल्यांदा मला वाटलं हवा बघताय. काही खेपांनंतर तुम्ही वाळूची एक लहान पिशवी आणून बाजेखाली ठेवलीत. त्यानंतर आणखी एक. मी विचारलं, "दादा, हे कशाला?" तुम्ही म्हणालात, "गाडी हलकी असली की उडती." आणि मग मला समजलं. गाडी तीच होती, बाज तीच होती, मी तीच होते. आई हलकी होत चालली होती. तुम्ही तिच्या अंगातून गेलेलं वजन वाळूनं भरून काढत होतात, म्हणजे तिला रस्ता पहिल्यासारखाच मऊ लागावा. तुमच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. पिशवी ठेवायचात, हात झटकायचात आणि केबिनमध्ये जाऊन बसायचात.

मग डॉक्टरांनीच सांगितलं, आता आणू नका. आईला ते कळल्यावर ती उलट मोकळी झाल्यासारखी दिसली. म्हणाली, "आता गाडी चांगली झाली तर दवाखाना संपला. मला कुंभार पिंपळगावला न्या, बहिणीला भेटते." एवढ्या लांब? जालना, अंबड, त्याच्याही पुढं. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "उद्या निघू."

त्या दिवशीचं सगळं मला आजच्यासारखं दिसतं. अंबड मागं पडलंय. दुपारचं ऊन ताडपत्रीतून पिवळं होऊन आत येतंय. आई माझ्याशी बोलता बोलता थांबते. मी बघते तर तिचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, हात सैल. आजारापासून चालत्या गाडीत ती कधी झोपली नव्हती. मी वाकून तिचा श्वास बघते. चालू आहे. मी हलत नाही, काच वाजवत नाही, हौद्याच्या कडेला टेकून नुसती बसून राहते. तेवढ्यात गाडीच थांबते. तुम्ही उतरून धावत मागं येता. इतका वेळ टकटक आली नाही म्हणून तुम्ही थांबलायत हे मला तुमच्या चेहऱ्याकडे बघून कळतं. तसा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

मी हळूच म्हणते, "झोपली."

"झोपली?"

"हं. झोप लागलीय तिला."

तुम्ही फाळक्याला धरून उभे राहिलात. मग गाडी हळूच लिंबाच्या सावलीला घेतलीत, आणि ती उठेपर्यंत पुढं काढली नाहीत. सावली सरकत गेली, ट्रक येत-जात होते, तुम्ही रस्त्याच्या कडेला दगडावर बसून होतात. मी ताडपत्रीच्या फटीतून बघितलं तेव्हा तुम्ही टोपीनं तोंड पुसत होतात, पुन्हा पुन्हा, जसा काही घाम थांबतच नव्हता.

ती जागी झाली. "कामून थांबलो?"

तुम्ही मागं येऊन म्हणालात, "गाडी तापल्ती."

"मंग निवू द्या." थोड्या वेळानं ती म्हणाली, "इकडचा रस्ता नवा केला वाटतं. कळलंच न्हाई मला."

"हो," तुम्ही म्हणालात, "औंदाच केला."

रस्ता जुनाच होता. खड्डे मी बघत होते, तुम्ही बघत होतात.

मावशीकडे ती आठवडाभर राहिली, पोटभर बोलली, घरी आली, आणि त्याच महिन्यात गेली. तुम्ही तेराव्यापर्यंत कुणाशी बोलला नाहीत. चौदाव्या दिवशी मला वाटलं, आता तुम्ही जुने पाटे चढवाल आणि मोंढ्यात जाल. ते पाटे गोठ्यात पडून होते, त्यांना हात लावला नाहीत. गावातल्या एका पोराची बायको अडली होती, तो पहाटे दारात आला. "दादा, तुमची गाडी नरम हाय म्हणतेत." तुम्ही तिला भोकरदनला पोचवलंत. मग तीच गाडीची ओळख झाली. बाळंतिणी, हाड मोडलेली माणसं, म्हातारी माणसं. आईची बाज तुम्ही काढली नाहीत. उरलेला वेळ शाळेचे बाक, रोपं, असलं हलकं काही. मला नोकरी लागली, लग्न झालं, जालन्याला आले. मी म्हणायची, असं किती दिवस चालायचं. तुम्ही म्हणायचात, "चालून राह्यलंय ना."

नजर कमी झाल्यावर तुम्ही गाडी विकलीत आणि माझ्याकडे राहायला आलात, मुलगा लहान असतानाच. तुमचं जाणं फार साधं झालं. दुपारी अंगणात खुर्चीवर बसला होतात, पेपर मांडीवर होता. मी शाळेतून आले तेव्हा शेजारणी गोळा झाल्या होत्या. मी रडले, खूप रडले. लोक म्हणाले, बापावर किती जीव होता. पण खरं सांगू का, दादा, त्या दिवशी मला सगळी आईच आठवत होती. तिचं हलकं झालेलं अंग, तिचा हात. तुम्ही माझ्या डोळ्यांपुढं आलाच नाहीत. तुमच्यासाठी रडायचं राहूनच गेलं.

परवा मुलाच्या गाडीतून भोकरदनला एका लग्नाला निघालो होतो. सुनेनं गाणी लावली होती, नातवंडं मागं खेळत होती, सगळं छान होतं. कारण काहीच नव्हतं, आणि मला एकाएकी असं रडू फुटलं की आवरेना. मुलानं घाबरून गाडी कडेला घेतली. मी उतरून बाजूच्या शेताकडे तोंड करून उभी राहिले. तो पाण्याची बाटली घेऊन आला, पाठीवरून हात फिरवत विचारत राहिला. त्यानं तुम्हाला फार थोडं पाहिलं, त्याला काय सांगणार?

मी म्हटलं, गाडी लागली.